मूळ संख्येचे लक्षण : एका एकोणचाळीस अंकी संख्येच्या निमित्ताने

१

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक गणितविषयक वार्ता जगभर प्रसृत झाली. २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केला असता येणारी संख्या मूळ आहे, असे सिद्ध झाल्याची ती वार्ता होती. ही संख्या नेहमीच्या दशमान पद्धतीने लिहू गेल्यास ४,१०,२४,३२० अंक लागतात. अशा वार्तांचे मथळे बहुधा एका साच्याचे असतात : 'सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली.' व्याकरणदृष्ट्या या वाक्यात काहीच वावगे नाही. पण अर्थदृष्ट्या ते असत्य आहे, आणि तेही आजचे नव्हे. मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडातील विसाव्या प्रमेयात तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केलेले आहे. ज्या श्रेणीला अंत नाही तीत 'सर्वांत मोठी' कोण असणार?

मथळ्यातून गळालेला शब्द 'ज्ञात' हा होय. एका विशेषणाचा हा लोप क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु 'मूळ' आणि 'ज्ञात' ही दोन विशेषणे एका जातीची नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. मूळ असणे हा संख्येचा स्वतःचा धर्म आहे. ज्ञात असणे हा संख्या आणि ज्ञाता यांमधील संबंध आहे. पहिला धर्म अनादि. दुसऱ्याला तारीख असते, आणि तो कोणत्या प्रमाणावर उभा आहे हा प्रश्न विचारता येतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्नच आहे : एखादी प्रचंड संख्या मूळ असल्याचे 'माहीत आहे' असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय माहीत असते?

या विवेचनासाठी २०२४ ची संख्या न घेता तिच्या कुळातील एक जुनी व पुष्कळ लहान संख्या घेतली आहे : २ चा १२७ वा घात वजा १. ती अशी :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे विधान १६४४ मध्ये झाले, तिची सिद्धी १८७६ मध्ये झाली, आणि १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती. विधान आणि सिद्धी यांमध्ये जी दोनशे बत्तीस वर्षे गेली, त्यांत भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे बरेच काही आहे. महाभाष्यात व्याकरणाची फोड 'लक्ष्य' आणि 'लक्षण' अशा जोडीने केलेली आहे. लक्ष्य म्हणजे भाषेतील प्रत्यक्ष शब्द, आणि लक्षण म्हणजे त्यांना आकळणारे सूत्र. ही जोडी येथे फार उपयोगी पडते, असे आढळून येईल.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. मराठी शालेय पाठ्यपुस्तकांत 'मूळ संख्या' ही संज्ञा रूढ आहे. हिंदीत 'अभाज्य संख्या' म्हणतात, गुजरातीत 'अविभाज्य संख्या'. आणि मराठी लेखनातही 'अविभाज्य' हा पर्याय अधूनमधून दिसतो. दोन्ही संज्ञांचा वाच्यार्थ एकाच संख्यासमूहाकडे बोट दाखवितो. पण त्यांमागील दृष्टी परस्परविरुद्ध आहेत. 'अविभाज्य' ही निषेधवाचक संज्ञा आहे. या संख्येचे काय करता येत नाही, एवढेच ती सांगते. 'मूळ' ही विधायक संज्ञा आहे. ६० ही संख्या २, २, ३ आणि ५ यांच्या गुणाकारातून सिद्ध होते, आणि याखेरीज दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्यांच्या गुणाकारातून सिद्ध होत नाही. सर्व संख्यांची घडण ज्यांपासून होते त्या या संख्या, असे 'मूळ' हा शब्द सुचवितो.

यांपैकी कोणती संज्ञा अधिक समर्पक, हे १ या संख्येवरून ठरविता येते. 'अविभाज्य' हा शब्द अक्षरशः घेतला तर १ ही संख्या त्या वर्गातून वगळण्याचे कारण उरत नाही. तिचे विभाजन कोण करणार? तरीही प्रत्येक पाठ्यपुस्तकात '१ ही मूळ संख्या नाही' असा अपवाद सांगितलेला असतो, आणि विद्यार्थ्याला तो मनमानी वाटतो. वस्तुतः तो मनमानी नाही. १ ला मूळ मानले तर ६० ची फोड एकमेव राहत नाही. हवे तितके १ त्या गुणाकारात घालता येतात. फोडीचे हे एकमेवत्व गाउसने १८०१ मध्ये स्पष्ट प्रमेयरूपाने मांडून सिद्ध केले, आणि १ चा अपवाद त्यातूनच निघतो. म्हणजे अपवादाचे समर्थन 'मूळ' या दृष्टीतून होते, 'अविभाज्य' या दृष्टीतून होत नाही. मराठीने पत्करलेली संज्ञा या बाबतीत शेजारच्या भाषांतील संज्ञांहून सरस आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. 'वर्गमूळ' या शब्दाशी होणारा तिचा घोटाळा दाखविला जातो. पण एका ठिकाणी 'मूळ' हे विशेषण आहे व दुसऱ्या ठिकाणी समासाचे उत्तरपद, त्यामुळे प्रयोगात सहसा संदेह राहत नाही.

'मूळ' म्हटल्यावर व्याकरणाच्या अभ्यासकाला धातूची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्याप्रमाणे धातूंपासून रूपे, त्याप्रमाणे मूळ संख्यांपासून संख्या. परंतु साम्य येथेच थांबते. पाणिनीय परंपरेतील धातुपाठ सुमारे दोन हजार धातूंचा आहे. तो मोठा असला तरी सांत आहे, आणि एखादा धातू आहे की नाही हे पाठ पाहून सांगता येते. मूळ संख्यांचा असा पाठ संभवतच नाही. युक्लिडच्या प्रमेयाचा भाषाशास्त्रीय अनुवाद करावयाचा तर तो हाच. शिवाय कोणत्याही संख्येच्या कपाळावर ती मूळ असल्याची खूण नसते. ३,५७१ आणि ३,५६९ या शेजारच्या विषम संख्या पाहून त्यांतील पहिली मूळ असून दुसरी ४३ व ८३ यांचा गुणाकार आहे, हे डोळ्यांना कळत नाही. पाठ नाही, खूणही नाही. तेव्हा लक्षण शोधावे लागते.

३

लक्षणाकडे वळण्यापूर्वी आपल्या संख्येच्या नावाचा विचार अवश्य आहे. वर छापलेली एकोणचाळीस अंकांची ओळ, आणि '२ चा १२७ वा घात वजा १' ही पदावली, दोहोंनी एकाच संख्येचा निर्देश होतो. सामान्य वाचकाला अंकांची ओळ म्हणजे संख्या आणि दुसरे म्हणजे तिचे संक्षिप्त टोपणनाव, असे वाटते. विचारांती क्रम उलटा लावावा लागतो.

अंकांची ओळ ही दहा या पायावर अवलंबून आहे, आणि दहा हा पाया गणिताने नव्हे, बोटांनी ठरविलेला आहे. त्या ओळीचा उच्चारही परंपरागत स्थाननामांनी करता येत नाही. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत; आपल्या संख्येला एकोणचाळीस स्थाने लागतात. उलट तीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने १२७ वेळा १ हा अंक येतो, दुसरे काही येत नाही. '२ चा १२७ वा घात वजा १' हे नाव या घडणीचे वर्णन आहे. ते पाणिनीच्या सूत्रासारखे थोड्या अक्षरांत रचनेची आज्ञा देते, आणि संख्येविषयी जे काही सिद्ध करता येते ते या नावातून निघते, अंकांच्या ओळीतून नव्हे.

उदाहरण पाहू. घातांक ६ असेल तर संख्या ६३ येते. द्विमान पद्धतीत ती सहा एकांची ओळ होय. सहा एकांचे दोन-दोनांचे तीन गट पडतात, तीन-तीनांचे दोन गट पडतात. म्हणून ६३ ला ३ नेही भाग जातो आणि ७ नेही. यावरून घातांक विभाज्य असेल तर संख्याही विभाज्य असणार, हे संख्येचे अंक न पाहता कळते. १२७ हा घातांक स्वतः मूळ असल्याने हा धोका तेथे नाही. पण याचा व्यत्यास खरा नाही. घातांक ११ घेतला तर संख्या येते २,०४७. आणि ती २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. रूप आवश्यक अट पुरविते, पुरेशी अट पुरवीत नाही.

तरी रूपाचे साहाय्य येथे संपत नाही. २,०४७ चे दोन विभाजक पुन्हा पाहावेत. २३ आणि ८९, दोहोंना २२ ने म्हणजे घातांकाच्या दुपटीने भागले असता बाकी १ उरते. हा योगायोग नव्हे. विषम मूळ घातांकाच्या अशा प्रत्येक संख्येचे मूळ विभाजक याच जातीचे असतात. शिवाय त्यांना ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ उरते. ऑयलरने १७७२ मध्ये घातांक ३१ ची संख्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचे सांगितले ते या नियमांच्या बळावर. नियम नसते तर ४६,३४० पर्यंतच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. नियमांमुळे हे काम ऐंशीच्या आसपास भागाकारांवर आले.

४

आता १६४४ च्या विधानाकडे येऊ. मारँ मेर्सेन हा पॅरिसमधील धर्मसंघाचा विद्वान साधू. देकार्त, फर्मा आदी समकालीन विद्वानांशी त्याचा विपुल पत्रव्यवहार होता, आणि मुद्रित नियतकालिके नसलेल्या त्या काळात नवे शोध अनेकदा त्याच्या पत्रांतूनच एकाकडून दुसऱ्याकडे जात. १६४४ च्या आपल्या लॅटिन ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने असे विधान केले की, २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे घातांक घेतले असता मूळ संख्या मिळतात, व २५७ पर्यंतच्या अन्य कोणत्याही घातांकाने मिळत नाहीत.

या विधानाचे संहिता म्हणून परीक्षण केले तर त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. १९ पर्यंतचा भाग पूर्वपरंपरेतून आलेला आहे. इटलीतील काताल्दीने १५८८ मध्ये १७ व १९ या घातांकांची खातरजमा केली होती. त्यापुढील भागाला आधार दिलेला नाही. आणि याच मेर्सेनने असेही म्हटले आहे की, पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्यास सारा काळ अपुरा पडेल. म्हणजे जे ठरविता येणार नाही असे लेखक स्वतः सांगतो, तेच त्याने एकोणचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर अंकी संख्यांबाबत ठरविलेले आहे. हा विसंवाद त्याच्या वाचकांना अडीचशे वर्षे टोचला नाही, याचे कारण शब्दप्रामाण्य. यादी थोर माणसाची होती, आणि जेथवर तपासणी होऊ शकली तेथवर ती खरी ठरत होती. ऑयलरने ३१ वर शिक्कामोर्तब केल्यावर तर तिचे वजन अधिकच वाढले.

यादी सदोष निघाली. १८८३ मध्ये रशियातील पेर्वुशिन या धर्मोपदेशकाने घातांक ६१ ची संख्या मूळ असल्याचे दाखविले. ती यादीत नव्हती. पॉवर्सने १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ यांची भर घातली. ६७ आणि २५७ या संख्या विभाज्य ठरल्या. १९४७ पर्यंत २५७ च्या आतील सर्व घातांकांचा निकाल लागला, आणि मेर्सेनच्या यादीत पाच चुका असल्याचे निश्चित झाले : दोन अधिक, तीन उणे.

येथे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल असा एक युक्तिवाद पुढे आला. ६१ ची संख्या मूळ निघाल्यावर काहींनी सुचविले की, मेर्सेनच्या ग्रंथातील ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असावा. पाठदुरुस्ती म्हणून सूचना सुबक आहे. एका अंकाच्या फरकाने दोन चुका एकदम नाहीशा होतात. परंतु पाठदुरुस्तीचा पहिला नियम असा की, ती संहितेच्या साक्षीवर उभी असावी. संहिता खरी ठरावी या इच्छेवर उभी असू नये. आणि ही दुरुस्ती मान्य केली तरी ८९, १०७ व २५७ या चुका राहतातच. प्राचीन ग्रंथकाराला निर्दोष ठरविण्यासाठी लेखकूला दोष देण्याची प्रवृत्ती आपल्याही संशोधनात अपरिचित नाही, म्हणून हा दाखला मुद्दाम दिला.

आपली संख्या, घातांक १२७ ची, या यादीत होती आणि ती खरी निघाली. तर मग ती मूळ असल्याचे मेर्सेनला 'माहीत होते' असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. ज्या मार्गाने १२७ आला त्याच मार्गाने ६७ व २५७ आले. मार्ग खऱ्याखोट्याचा निवाडा करणारा नव्हता. विधान सत्य असणे आणि विधान करणाऱ्याला ज्ञान असणे या दोन गोष्टी येथे स्वच्छ वेगळ्या होतात.

५

ऑयलरचा मार्ग पुढे चालविता आला असता काय? घातांक १२७ च्या संख्येचे वर्गमूळ वीस अंकी आहे. वर सांगितलेले दोन्ही नियम लावून विभाजकांची छाटणी केली तरी तपासावयाच्या मूळ संख्या १ वर १५ शून्ये एवढ्या, म्हणजे भास्कराचार्यांच्या गणनेतील 'अंत्य' या स्थानापर्यंत जातात. सेकंदाला एक या गतीने भागाकार केले तर तीन कोटींहून अधिक वर्षे लागतील.

महाभाष्याच्या आरंभी पतंजलीने बृहस्पती व इंद्र यांची एक कथा दिली आहे. बृहस्पतीसारखा वक्ता, इंद्रासारखा अध्येता, आणि एक सहस्र दिव्य वर्षांचा अध्ययनकाळ. तरीही एकेक शब्द उच्चारून शब्दांचे पारायण संपले नाही. यावरून पतंजलीने काढलेले अनुमान असे की, प्रतिपदपाठ हा शब्दज्ञानाचा उपायच नव्हे. सामान्य नियम व त्याचे अपवाद असे लक्षण प्रवृत्त केले पाहिजे. एकेक विभाजक घेऊन भागून पाहणे हा संख्याशास्त्रातील प्रतिपदपाठ होय. दिव्य वर्षाची ३६० मानवी वर्षे धरली तर इंद्राला ३ लक्ष ६० सहस्र वर्षे मिळाली होती. आपल्या संख्येला तेवढीही पुरणार नाहीत.

एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दिले ते लक्षण. त्याचे आज शिकविले जाणारे रूप डी. एच. लेमर यांनी १९३० च्या सुमारास सिद्ध केले. ल्यूकाची आरंभसंख्या व मांडणी काहीशी वेगळी होती, पण जात तीच. कृती अशी : ४ या संख्येपासून आरंभ करावा. हाती असलेल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे. येणाऱ्या संख्येस तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. विषम मूळ घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा ही क्रिया करावी. शेवटी बाकी शून्य उरली तर संख्या मूळ. न उरली तर विभाज्य.

घातांक ७ घेऊ, संख्या १२७. क्रिया पाच वेळा करावयाची. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ वरून १९४, बाकी ६७. ६७ वरून ४,४८७, बाकी ४२. ४२ वरून १,७६२, बाकी १११. १११ वरून १२,३१९, आणि ही संख्या १२७ च्या बरोबर ९७ पट आहे, बाकी शून्य. १२७ मूळ ठरली, आणि या साऱ्या क्रियेत कोणत्याही संभाव्य विभाजकाने तिला भागलेले नाही. घातांक १२७ साठी अशा १२५ पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीला एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग करणे हे काम कष्टाचे खरे. पण कोट्यवधी वर्षांचे काम एका माणसाच्या आवाक्यात आले, ते लक्षणामुळे.

या लक्षणाच्या उगमाविषयी एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. ल्यूकाचा मार्ग १, १, २, ३, ५, ८ या, मागील दोन पदांच्या बेरजेने वाढणाऱ्या श्रेणीच्या अभ्यासातून निघाला. तिला फिबोनाचीचे नाव रूढ करणारा तोच. हीच श्रेणी लघु व गुरू अक्षरांच्या मात्रावृत्तांची गणना करताना विरहांक, गोपाल व हेमचंद्र या छंदःशास्त्रकारांना फिबोनाचीपूर्वी अवगत होती. यावरून ल्यूकाची कसोटी आपल्याकडे होती असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अनाठायी ठरेल. श्रेणी मोजणे वेगळे, आणि तिच्या पदांच्या विभाज्यतेचा सिद्धान्त करणे वेगळे. पूर्वजांचा खरा वाटा सांगावयाचा तर तो नेमका सांगावा.

६

लक्षणाचा एक स्वभाव मात्र नवशिक्याला चमत्कारिक वाटतो. तीच कृती घातांक ११ ला, म्हणजे २,०४७ या संख्येला लावावी. नऊ पायऱ्यांनंतर बाकी १,७३६ उरते. बाकी शून्य नाही. म्हणून २,०४७ विभाज्य. पण तिचे विभाजक २३ व ८९ हे या १,७३६ मध्ये कोठेही दिसत नाहीत. लक्षण निकाल देते, साक्षीदार देत नाही.

घातांक ६७ बाबत असेच घडले. ती संख्या विभाज्य असल्याचे ल्यूकाने १८७६ मध्येच दाखविले. विभाजक त्याला सापडले नाहीत. सत्तावीस वर्षांनी, ऑक्टोबर १९०३ मध्ये, न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले. या सभेचे वर्णन ई. टी. बेल यांनी केले आहे. कोल फळ्याजवळ गेले, २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. मग शेजारी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार हाताने केला. दोन्हींचे उत्तर एकच आले : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले. या शोधाला तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोल यांनी आपणास सांगितल्याचे बेल नमूद करतात. बेल यांच्या लेखणीला रंग भरण्याची हौस होती, हे ध्यानात ठेवून प्रसंगाचा तपशील घ्यावा. गुणाकार मात्र कोणालाही पडताळून पाहता येतो, आणि महत्त्व त्यालाच आहे.

निःशब्द व्याख्यान भाषेच्या अभ्यासकाला अंतर्मुख करते. कोल यांना बोलण्याची गरज भासली नाही, कारण त्यांचे प्रमाण प्रत्यक्ष होते. विभाज्यतेला असा प्रत्यक्ष पुरावा असू शकतो : दोन संख्या दाखवाव्या आणि गुणाकार करावा. मूळ असण्याला तसा पुरावा नसतो. नसलेल्या विभाजकांकडे बोट दाखविता येत नाही. तेथे सिद्धान्त बोलावाच लागतो, आणि सिद्धान्त समजल्याखेरीज शून्य बाकीला काही अर्थ राहत नाही. कोल यांच्या फळ्याला टाळ्या मिळाल्या. ल्यूकाच्या शून्याला त्या सहज मिळणार नाहीत. परंतु ज्ञानाच्या दृष्टीने ल्यूकाचे काम अधिक खोल आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोल यांचा गुणाकार एका संख्येचे सांगतो. ल्यूकाचे लक्षण त्या कुळातील प्रत्येक संख्येला विचारता येते.

निकाल आणि साक्षीदार यांमधील ही दरी तात्त्विक कुतूहलापुरती नाही. गुणाकार सोपा आणि फोड दुष्कर, या विषमतेवरच १९७७ पासूनची एक प्रमुख गुप्तलेखनपद्धती उभी आहे. तिला काही शेकडा अंकी मूळ संख्या पुरतात, कोट्यवधी अंकी विक्रमांचे तेथे काम नाही. विशिष्ट रूपाचा आधार न घेता कोणत्याही संख्येचा निकाल, अंकसंख्येच्या मानाने आटोक्यात राहणाऱ्या पायऱ्यांत, निरपवाद लावणारी पद्धत कानपूरच्या आय.आय.टी.तील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. तीही निकालच देते. विभाजक देत नाही.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. २०२४ च्या संख्येसाठी ल्यूका–लेमर कसोटीच्या १३,६२,७९,८३९ पायऱ्या आवश्यक आहेत, आणि प्रत्येक पायरीत चार कोटींहून अधिक अंकांच्या संख्येचा वर्ग आहे. ही क्रिया वाचून पाहणारा मनुष्य नाही, असणार नाही. यंत्राने 'शून्य' असे सांगितले आणि आपण ते मानले. तर मग हे मेर्सेनच्या यादीप्रमाणेच शब्दप्रामाण्य झाले नाही काय, असा आक्षेप घेता येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

भेद आहे तो असा. मेर्सेनने लक्ष्ये दिली, लक्षण दिले नाही. त्यामुळे वाचकाला विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच शक्य होते. येथे लक्षण चार वाक्यांचे आहे, त्याची सिद्धता पदव्युत्तर विद्यार्थ्याला काही दिवसांत समजून घेता येते, आणि त्याचा प्रयोग वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या आज्ञावलीने कोणालाही पुन्हा करता येतो. तसा तो केल्यावरच निकाल जाहीर झाला. विश्वास येथेही आहे, पण त्याची जागा बदलली आहे. तो व्यक्तीवर नाही, पुनरावृत्तीवर आहे. तो पूर्ण निःशंक आहे असे म्हणता येत नाही. मात्र तो कोठे ठेवला आहे हे दाखविता येते.

लक्षण असले म्हणजे सर्व काही हाती आले, असेही मात्र नाही. आपली संख्या एका साखळीत बसते. २ चा दुसरा घात वजा १ म्हणजे ३. २ चा तिसरा घात वजा १ म्हणजे ७. २ चा सातवा घात वजा १ म्हणजे १२७. आणि १२७ वरून आपली एकोणचाळीस अंकी संख्या. सर्व मूळ. ल्यूकाच्या शोधानंतर लगेच कातालां या गणितज्ञाने या साखळीकडे लक्ष वेधले. पुढची कडी म्हणजे ही एकोणचाळीस अंकी संख्याच घातांक म्हणून घ्यावयाची. तिचे नाव एका ओळीत मावते. तिचे नुसते अंक मोजू गेल्यास ५ वर ३७ शून्ये एवढे भरतात. ते लिहिण्यास जगातील सारा कागद पुरणार नाही. ती मूळ आहे किंवा नाही. तिसरा पर्याय नाही. लक्षणही तेच, चार वाक्यांचे. पण त्याच्या पायऱ्या १२७ व्या घाताएवढ्या, म्हणून प्रयोग अशक्य. नाव आहे, लक्ष्य आहे, लक्षण आहे, ज्ञान नाही. 'माहीत असणे' या क्रियापदाचे इतके घटक एकाच जागी सुटे झालेले अन्यत्र क्वचितच दिसतील.

शेवटी या तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण आपल्या अभ्यासाला खरा धडा त्या मर्यादेतूनच मिळतो. पतंजली म्हणतो की, घट हवा असणारा मनुष्य कुंभाराच्या घरी जातो, पण शब्द हवा असणारा वैयाकरणाच्या घरी जात नाही. शब्द लोकांत सिद्ध असतात. भाषेत लोकव्यवहार हेच अंतिम प्रमाण. म्हणूनच भाषेत अडीचशे वर्षे चाललेली चूक ही चूक राहत नाही, ती रूढी होते, आणि वैयाकरणाने तिला लक्षणात जागा द्यावी लागते. संख्येच्या राज्यात असे घडत नाही. ६७ हा घातांक अडीचशे वर्षे यादीत राहिला, विद्वानांनी तो उद्धृत केला. तरी एका दिवसापुरतीही ती संख्या मूळ झाली नाही.

आपला विषय या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. शब्दाचा प्रयोग लोकांनी ठरवावा, हे खरे. परंतु शब्दाची व्युत्पत्ती, पोथीचा काळ, अमुक रूप अमुक ग्रंथात प्रथम आले हे विधान, या गोष्टी रूढीने सत्य होत नाहीत. एका कोशातून दुसऱ्या कोशात, एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात निराधार जाणारी व्युत्पत्ती ही मेर्सेनच्या यादीतील ६७ च्या जातीची असते. ती कधी १२७ प्रमाणे खरीही निघेल. पण तोवर ती कोणाला माहीत होती असे म्हणता येणार नाही. संशोधकाने यादी अवश्य द्यावी. तिच्याबरोबर, ती कोणत्या लक्षणाने सिद्ध झाली आणि दुसऱ्याने ती कशी पडताळावी, हेही द्यावे. मेर्सेनने एवढे केले असते तर त्याच्या यादीतील पाच चुका शोधण्यास तीनशे वर्षे लागली नसती.